जूनपर्यंतचे पाहुणे: घरच्या शाळेत अळ्या, खड्डेवाले किडे आणि परसातले शेजारी कसे सांभाळावेत

एप्रिल लागला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "मुलांना सुट्टी लागली का गं?" आमची मुलं शाळेत जातच नाहीत, त्यामुळे सुट्टी लागत नाही आणि संपतही नाही. थोरली ११ वर्षांची, धाकटा ७ वर्षांचा. घर ठाण्यात, घोडबंदर रस्त्याच्या आतल्या अंगाला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत आठ फुटांची मातीची पट्टी आहे. तिला आम्ही थाटात परस म्हणतो.

मुलांना कुत्रा हवा होता. आम्ही दोघं कामाला, घर लहान, म्हणून नाही म्हटलं. मग चार उन्हाळे जे काही आणलं, वाढवलं, मारलं (चुकून) आणि सोडून दिलं, त्यातून एक नियम तयार झाला: जो जीव पाऊस सुरू व्हायच्या आत आपल्या घरातून निघून जाऊ शकतो, तोच घरात आणायचा. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका नियमावर उभं आहे. होमस्कूलिंग करत नसाल तरी चालेल. रोज सकाळी पंधरा मिनिटं मात्र काढावी लागतील.

आधी: काय आणायचं नाही

हे मुलांसमोर बसून, मोठ्याने वाचा. आमच्याकडे पहिल्या वर्षी ही बैठक झाली नव्हती, त्यामुळे धाकट्याने घोरपडीच्या पिल्लासाठी बादली रिकामी करून ठेवली होती.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. शेजारच्या काकूंकडे वीस वर्षं मिठू आहे, म्हणून तो कायदेशीर होत नाही. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं तारा कासव आणि घोरपड यांचंही तेच. सन कॉन्यूर, आफ्रिकन ग्रे पोपट, इग्वाना, बॉल पायथन हे परदेशी प्राणी विकत मिळतात, पण ते आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या 'सायटीस'च्या यादीत आहेत. असा प्राणी घरी असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. बजरीगर आणि कॉकटील त्या यादीत नाहीत.

आता ते लाल कानपट्टीचं इवलंसं कासव. दुकानात ते रुपयाएवढं दिसतं. वाढल्यावर फूटभराचं होतं आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे तुमच्या मुलाच्या लग्नात ते हजर असणार. कंटाळलेले लोक मग ते तलावात सोडतात. ही जात मूळची अमेरिकेतली, आणि जिथे सोडली जाते तिथल्या देशी कासवांच्या अन्नावर आणि उन्हात बसण्याच्या जागांवर अतिक्रमण करते. आमच्या नियमात ते पहिल्याच फेरीत बाद झालं. दुकानातून मुलाला रडत बाहेर आणावं लागलं तरी हरकत नाही. मी आणलंय.

पायरी १: मार्चमध्ये रोपं, एप्रिलमध्ये अळ्या

आमच्याकडचा सगळ्यात लाडका पाहुणा म्हणजे लिंबावरची अळी. ती विकत मिळत नाही. तिच्यासाठी झाड लावायचं आणि वाट पाहायची.

रोपवाटिकेतून लिंबाची दोन आणि कढीपत्त्याचं एक अशी तीन रोपं तरी आणा. एकाच फूटभर रोपावर चार अळ्या असल्या तर चौथ्या दिवशी नुसत्या काड्या उरतात. रोपं आणल्यावर पानं धुवा आणि निदान तीन आठवडे तशीच उन्हात-पाण्यात ठेवा, कारण रोपवाटिकेत बहुधा कीटकनाशक मारलेलं असतं. हे आम्ही फार वाईट पद्धतीने शिकलो. दुसऱ्या वर्षी घरची पानं संपली म्हणून बाजारातून कढीपत्त्याची जुडी आणली, धुऊन घातली. संध्याकाळपर्यंत पाचही अळ्या काळ्या पडून गळाल्या होत्या. थोरली दोन दिवस धड जेवली नाही, आणि मी पोह्यांत घालायचा कढीपत्ता तेव्हापासून तीनदा धुते.

कोवळ्या फुटीच्या टोकाला, पानाच्या कडेला, टाचणीच्या डोक्याएवढा पिवळसर गोल ठिपका दिसला की ते अंडं. लिंबावर बहुतेक वेळा लाइम बटरफ्लायचं असतं, कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन या फुलपाखराचं. भर उन्हाळ्यात अंडं तीन-चार दिवसांत फुटतं. बाहेर येणारी अळी काळपट-पांढरी, थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. धाकट्याने पहिली अळी "घाण" म्हणून पुसून टाकली होती. पक्ष्यांनीही तेच समजावं, यासाठीच तिचं हे सोंग असतं.

रुईवरची अळी याहून सोपी. पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही प्लेन टायगर फुलपाखराची. एकदा तर शनिवारी मारुतीसाठी घेतलेल्या रुईच्या पानांच्या हारातच ती निघाली. मारुतीला त्या दिवशी एक पान कमी पडलं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला खरोखर इजा होते. पानं मोठ्यांनीच तोडायची आणि लगेच हात धुवायचे.

केसाळ सुरवंटांना हात लावायचा नाही, घरात आणायचे नाहीत. काही फुलपाखरंही कायद्याने संरक्षित आहेत, म्हणून आम्ही नीट ओळखता येणाऱ्या या दोन-तीन जातींवरच थांबतो.

पायरी २: अळीचं घर

पाच लिटरची पारदर्शक बरणी किंवा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तोंडाला मच्छरदाणीचं कापड आणि रबर. तळाला वर्तमानपत्र. फांदी छोट्या बाटलीत पाणी भरून उभी करा, पण बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा. नाहीतर अळी फांदीवरून उतरते आणि पाण्यात बुडून मरते. एका बरणीत तीनच अळ्या. बरणी खिडकीच्या उन्हात ठेवू नका, आत भट्टी होते.

रोज सकाळी कागद बदलायचा, विष्ठा झटकायची, ताजी पानं घालायची. अळीला चिमटीत धरायचं नाही. जुन्या पानासकट नव्या फांदीला टेकवायचं, ती आपली चालत जाते. एखादी अळी दिवसभर ढिम्म हलत नसेल तर मेली म्हणून टाकू नका, ती कात टाकत असते. चार वेळा कात टाकून पाचव्या टप्प्यात लिंबावरची अळी हिरवीगार होते. तिला हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हे दिवसातून पन्नास वेळा करायचं असतं. दिवसाला एकदाच, असा आमच्याकडे लेखी करार आहे.

साधारण दोन आठवड्यांनी अळी खाणं सोडते, पातळ विष्ठा टाकते आणि सैरभैर फिरू लागते. आता बरणीत एक-दोन सुक्या काड्या उभ्या ठेवा आणि हात लावू नका. लिंबावरची अळी काडीला शेपूट टेकवून, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेऊन टेकून बसते, खांबावर चढलेल्या वायरमनसारखी. रुईवरची अळी उलटी लटकते. कोष आजूबाजूच्या रंगाप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी होतो. थोरलीने एक अळी हिरव्या काडीवर आणि दोन सुक्या काड्यांवर ठेवून हे तपासून पाहिलं. तिन्ही कोष हिरवे निघाले. असंही होतं, तेही वहीत लिहिलं.

आठ-दहा दिवसांत कोष काळपट होऊन आतली नक्षी दिसू लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा पंख चुरगळलेले असतात. त्याला लटकायला उभी खरखरीत जागा हवी. गुळगुळीत प्लॅस्टिकवरून पडलं तर पंख वाकडे वाळतात आणि मग काही करता येत नाही. कागदावर लालसर थेंब पडतात, ते रक्त नाही, कोषातली साठलेली विष्ठा असते. दोनेक तासांनी, ऊन कडक व्हायच्या आत परसात सोडा.

कधी कोषाला बारीक भोक पडतं आणि फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या जातकुळीतल्या इवल्या माशा भराभर बाहेर येतात. त्यांनी अळीच्या किंवा कोवळ्या कोषाच्या अंगात अंडी घातलेली असतात. आमच्याकडे हे घडलं तेव्हा धाकटा त्या माशांना मारायला झाडू घेऊन आला. मी थांबवलं खरं, पण त्याला पटेल असं काही सांगता आलं नाही. शेवटी थोरली म्हणाली, "त्यांचं पण लिंबाचं झाडच आहे, फक्त ते चालतं." मला हे सुचलं नसतं.

पायरी ३: श्रीखंडाच्या डब्यातला शिकारी

उन्हाळ्यातच सापडणारा आणि फुकटचा हा दुसरा पाहुणा. जिन्याखाली, पंपरूमच्या कडेला, देवळाच्या ओट्याखाली, जिथे पावसाचं पाणी पोहोचत नाही अशा कोरड्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसतात. तळाशी एक चपटा, राखाडी, मोठ्या जबड्यांचा किडा दडलेला असतो. त्याला अँट-लायन म्हणतात, हीही एका पाखराची अळीच. मुंगी घसरून आत पडली आणि वर चढू लागली की तो खालून माती उडवतो आणि ती पुन्हा खाली येते.

खड्ड्याच्या तळाखालून मोठा चमचा घालून माती उचला आणि जुन्या चहाच्या गाळणीतून चाळा. किडा जाळीवर राहतो आणि मेल्याचं सोंग घेतो. अर्धा किलोच्या श्रीखंडाच्या डब्यात बारीक चाळलेली कोरडी रेती किंवा माती तीन बोटं भरा. एका डब्यात एकच. दोन ठेवलेत तर सकाळी एकच असेल. झाकण नको, भिंत चढता येत नाही त्याला. डबा पाण्यापासून आणि पंख्याच्या झोतापासून लांब ठेवा. रात्रीत नवा खड्डा तयार झालेला असतो.

दोन-तीन दिवसांनी एक मुंगी. विसरलात तरी तो आठवडे काढू शकतो, त्यामुळे मामाकडे जायचं असेल तर निश्चिंत जा. तो उलटाच चालतो, आणि अळी असेपर्यंत विष्ठा टाकतच नाही, सगळं पोटात साठवतो. ही माहिती धाकट्याने सोसायटीतल्या प्रत्येक आजोबांना जातीने जाऊन सांगितली आहे.

इथे गणित फुकट मिळतं. रोज खड्ड्याचा व्यास मोजा, आलेख काढा. खाल्लेल्या आणि उपाशी किड्याच्या खड्ड्यात फरक पडतो का ते पाहा. बारीक रेती, जाड रेती आणि रवा यांचे ढीग करून उताराचा कोन कोनमापकाने मोजा. थोरलीची त्रिकोणमिती पुस्तकाआधी डब्यातच सुरू झाली.

किड्याने रेतीचा गोळा करून स्वतःला आत बंद केलं तर तो कोष आहे. डब्यात एक काडी तिरकी ठेवा. महिनाभराने चतुरासारखं दिसणारं, पण टोकाला जाड मिशा असलेलं नाजूक पाखरू निघतं. नाही निघालं तर किडा जिथून आणला त्याच कोरड्या कोपऱ्यात परत. नेमकी जागा लक्षात राहावी म्हणून आम्ही खडूने भिंतीवर फुली मारतो.

गांडुळांची पेटी ठेवायची असेल तर एकच सांगते: ठाण्याच्या मे महिन्यात ती गॅलरीत ठेवू नका. सावलीत, जमिनीवर, वर ओलं गोणपाट. लिंबाची सालं, तेलकट आणि खारट उरलंसुरलं घालायचं नाही. ती जूनला जात नाहीत, त्यामुळे आमच्या नियमाला हा अपवाद आहे. पण ती कुणाची झोपमोड करत नाहीत.

पायरी ४: परसातले शेजारी

मातीचं उथळ परळ घ्या. पाणी दोन इंचांहून जास्त नको. मधोमध एक दगड ठेवा, मधमाश्या त्यावर बसून पाणी पितात. परळ सावलीत, पण झुडपापासून पाच-सहा फूट लांब ठेवा, म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही. रोज पाणी ओतून टाका आणि कडा काथ्याने घासा. नुसतं पाणी बदलून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात आणि सुकली तरी महिनोन्महिने तग धरतात. दाणे घालू नका. घातलेत तर कबुतरं येतील, आणि त्यांच्या विष्ठेने फुप्फुसांचा त्रास होतो तो वेगळाच.

आमच्या परळावर येणारे: दयाळ, लालबुड्या बुलबुल, शिंजीर, खार. खारीच्या पाठीवरचे पट्टे मोजायला लावा, तीन की पाच? पाचपैकी कडेचे दोन फिके असतात, त्यामुळे भांडणं होतात आणि भांडण मिटेपर्यंत मुलं तासभर गप्प बसतात. शिंपी पक्ष्याचं घरटं पानं शिवून केलेलं असतं. सापडलं तर फांदी वाकवून पाहायची नाही. कावळ्याच्या घरट्याखाली कोकिळा घुटमळताना दिसली तर ती का आली आहे हे मुलांनाच शोधू द्या.

पिल्लू पडलेलं सापडतंच. अंगभर पिसं आणि आखूड शेपूट असलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू उडायला शिकत असतं. त्याला जवळच्या फांदीवर ठेवा आणि मांजराला हाकला, बस. आईबाप आसपासच असतात. उघडं, डोळे मिटलेलं पिल्लू असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतो, ही आपल्या आज्यांची समजूत खरी नाही. चोचीत पाण्याचे थेंब सोडू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-पाव तर मुळीच नको. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

पायरी ५: सापाची तालीम

डोंगराच्या पायथ्याशी राहायचं तर ही पायरी गाळता येत नाही. घरी आगीची तालीम करतात तशी आम्ही एप्रिलच्या पहिल्या रविवारी करतो. जुना पट्टा अंगणात टाकतो आणि मुलांनी काय करायचं ते करून दाखवायचं: थांबायचं, मागे सरकायचं, मोठ्यांना हाक मारायची, आणि मोठ्याने लांबून नजर ठेवत १९२६ ला फोन करायचा. काठी आणायची नाही. फोटोसाठी जवळ जायचं नाही.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावं आणि चित्रं पाठ हवीत. पण मुलांनी ओळख पटवून निर्णय घ्यायचा नाही. निरुपद्रवी कवड्या आणि विषारी मण्यार यांत मोठी माणसंही फसतात. पालापाचोळ्याचे आणि विटांचे ढीग मार्चमध्येच काढून टाका. बाहेर ठेवलेली चप्पल झटकून घाला, रात्री टॉर्च घ्या आणि जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी खोचून घ्या, मण्यार रात्रीच फिरते.

चावलाच तर: कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठी, बांगडी काढा, हात-पाय फळीसारखा स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. ते जवळ कुठे मिळतं हे आजच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा.

आणि येऊरच्या बाजूला संध्याकाळ झाल्यावर मुलांना घेऊन फिरायचं नाही. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे बिबटे राहतात.

पायरी ६: वही

एकच जाड वही, दोघांची मिळून. तारीख, वेळ, तापमान, काय दिसलं. "छान" हा शब्द लिहायचा नाही, एवढीच अट. धाकट्याला लिहायचा कंटाळा येतो, तो चित्र काढतो आणि बाण मारतो. थोरली पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसेल तेव्हा तिला निरीक्षण लिहिण्याची सवय असावी हा माझा स्वार्थ आहे.

मेमध्ये एक सकाळ खाडीसाठी ठेवा. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा, मिळाला. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पावसाआधी निघून जातात, त्यामुळे मेचा पहिला पंधरवडा उत्तम. ओहोटीत चिखल उघडा पडला की ते चरतात. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज किती वाजता होती ते सांगा आणि रविवारची वेळ मुलांना काढू द्या. चुकली तर रिकामा चिखल पाहावा लागेल, आम्ही पाहिलाय.

पायरी ७: निरोप

मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनच्या आसपास येतो. आम्ही ५ जून ही तारीख धरतो. त्या दिवसापर्यंत शेवटचं फुलपाखरू सोडलेलं, खड्डेवाले किडे खडूच्या फुलीपाशी परत गेलेले, बरण्या साबणाने धुऊन उन्हात वाळवलेल्या. उरलेल्या अळ्या लिंबाच्या झाडावरच ठेवायच्या, त्यांना पावसाचं काही वाटत नाही. पाऊस पडल्यावर मोठ्या शंखाच्या आफ्रिकन गोगलगायी भिंतीवर चढू लागतात. त्यांना नुसत्या हाताने उचलू देऊ नका, त्यांच्यात माणसाला बाधणारे जंत असू शकतात.

पहिल्या दोन सरींनंतर सोसायटीच्या गेटजवळ डबकं साचतं आणि आठवड्याभरात त्यात टॅडपोल वळवळू लागतात. दरवर्षी धाकटा घरातून रिकामी बाटली घेऊन धावतो. बेडकांच्या काही जातीही कायद्याने संरक्षित आहेत, आणि टॅडपोल पाहून कोणता कुणाचा हे आपल्याला कळत नाही. म्हणून बाटली काढून घ्यायची, हातात छत्री आणि स्टूल द्यायचं, आणि डबक्याशेजारी बसवायचं. वॉचमनकाका आता ते स्टूल केबिनमध्येच ठेवून घेतात.